'सीडी खराब आहे' हे ठरवलं कोणी? एका वाचनालयाच्या ३१ सीडींचं प्रकरण

पार्श्वभूमी

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय. ओळख पटेल असे तपशील मी बदललेत. यंत्रांचे आणि चुकांचे मात्र जसे घडले तसेच ठेवलेत. चुकांपैकी दोन माझ्या आहेत.

२००४ साली वाचनालयाला शंभर वर्षं झाली. त्या निमित्तानं तिथल्या कार्यकर्त्यांनी फार चांगलं काम केलं. पंचक्रोशीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे टेपरेकॉर्डर घेऊन गेले आणि त्यांना बोलतं केलं. सातारा जिल्हा एकच होता आणि आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग त्यातच यायचा, त्या काळात, म्हणजे १९४३ ते १९४६, या भागात प्रतिसरकार चाललं. तेव्हाची पंधरा-वीस वर्षांची पोरं २००४ मध्ये ऐंशीच्या घरात होती. कुणी भूमिगतांना भाकरी पोचवलेली, कुणाच्या घरी निरोपाच्या चिठ्ठ्या धान्याच्या कणगीत लपवलेल्या. आज त्यांतलं कुणीही हयात नाही.

या कॅसेट संगणकावर चढवायचं काम गावातल्या डीटीपीवाल्या अण्णांकडे आलं. त्यांच्याकडे पेंटियम फोरचा संगणक होता आणि त्यात ५२ एक्सचा, म्हणजे मूळ वेगाच्या ५२ पट धावणारा, सीडी रायटर. टेपचा हेडफोनचा होल आणि साउंड कार्डची लाइन-इन यांच्यामध्ये वायर टाकायची, तासभराची कॅसेट तासभर वाजू द्यायची, आणि रात्री नीरो या सॉफ्टवेअरमधून सीडी मारायची. मुलाखती, स्कॅन केलेले फोटो आणि स्मरणिकेच्या पेजमेकरमधल्या फाइली असं सगळं मिळून २००४ ते २००७ या काळात ३१ सीडी झाल्या. अण्णांनी प्रत्येकीवर गोल कागदी लेबल चिकटवलं, कंपासनं काढल्यासारखं नेटकं, आणि एका वहीत क्रमांकवार नोंद ठेवली. त्या वहीनं पुढे आमचे निदान चार दिवस वाचवले.

सीडी लाकडी कपाटात गेल्या. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी वाचनालयाच्या पायऱ्यांपर्यंत आलं. कपाट वरच्या मजल्यावर असल्यामुळे भिजलं नाही, पण खोली दोन महिने ओलसर राहिली. अण्णा त्याआधीच वारले होते. त्यांचा संगणक त्यांच्या मुलानं वाचनालयाला दिला, आणि तो माळ्यावर पोत्यात बांधून पडला.

अडचण

२०२३ च्या दिवाळीनंतर नव्या सभागृहाच्या उद्घाटनात या मुलाखती ऐकवायच्या असं ठरलं. ग्रंथपाल बाईंच्या नव्या संगणकाला सीडी घालायला जागाच नाही. त्यांनी ऑनलाइन एक यूएसबीला लागणारा पातळ, बाहेरचा ड्राइव्ह मागवला. ३१ पैकी १७ सीडी त्यात सुरळीत उतरल्या. बाकीच्या १४ ना त्यानं काही ना काही नाकारलं. काही सीडी नुसत्याच घरघरायच्या, काही जवळजवळ रिकाम्या दिसायच्या, तर काहींची कॉपी ६० टक्क्यांवर अडकून संगणकच गोठायचा.

बाईंनी मला फोन केला तो असा: "दादा, चौदा सीडी खराब झाल्यात. तुमच्याकडे काही इलाज आहे का, का देऊ टाकून?"

मी तेवीस-चोवीस वर्षं हार्डवेअरची दुरुस्ती करतो. त्या अनुभवावर एवढंच म्हणालो की टाकू नका आणि आता पुन्हा पुन्हा घालून बघूही नका. दुसऱ्या दिवशी गेलो, तोवर एक गोष्ट घडून गेली होती. लेबलांमुळे ड्राइव्ह अडत असेल असं वाटून तिथल्या मदतनिसानं दोन सीडींची लेबलं पाण्यात भिजवून सोलली होती. त्यानं हौसेनं मला दाखवली. सीडी ट्यूबलाइटसमोर धरली तर तिच्यातून ट्यूबलाइट दिसत होती.

हे नीट सांगायला हवं, कारण बहुतेकांचा समज उलटा असतो. आपण चकचकीत बाजू जपतो आणि लेबलाच्या बाजूला काहीही करतो. पण सीडीची १.२ मिलिमीटर जाडी जवळजवळ सगळी खालच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेटची असते. माहिती लिहिली जाते तो रंगद्रव्याचा थर आणि त्यावरचा धातूचा परावर्तक थर हे दोन्ही अगदी वर, लेबलाच्या खाली असतात. त्यांना संरक्षण फक्त लाखेच्या एका पातळ पापुद्र्याचं. डीव्हीडीचं तसं नसतं. तिथे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये माहिती असते, सँडविचसारखी. सीडीचं लेबल ओढलं की डिंकाबरोबर धातू निघतो, आणि धातू गेला की लेझरचा प्रकाश परत येत नाही. खालच्या बाजूचा ओरखडा कधीकधी घासून घालवता येतो. याला इलाज नाही.

पर्याय

बाईंच्या टेबलावर बसून आम्ही चार वाटांचा विचार केला.

पुण्यातल्या एका डेटा रिकव्हरीवाल्यांना मी फोन केला. त्यांनी एका सीडीला साडेतीन हजार सांगितले, यश मिळो न मिळो तपासणीचे वेगळे. चौदा सीडींचे जवळपास पन्नास हजार. वाचनालयाचं वर्षाचं पुस्तक-खरेदीचं बजेट त्याहून फार मोठं नाही. शिवाय सीडी कुरिअरनं पाठवायच्या, हे मला पटेना.

दुसरी वाट म्हणजे आणखी एक नवा यूएसबी ड्राइव्ह. स्वस्त, पण माझ्या मते निरुपयोगी. हे पातळ ड्राइव्ह यूएसबीच्या पाच व्होल्टवर भागवतात, त्यांची लेन्स आणि मोटर ट्रेबरोबरच बाहेर येते आणि सीडी मधल्या टोपीवर नुसती खटकन बसते. डेस्कटॉपमधला ड्राइव्ह धडधाकट. त्याला १२ व्होल्ट वेगळे मिळतात, यंत्रणा चौकटीत पक्की असते आणि वरून चुंबकाची चकती सीडीला दाबून धरते. एका पातळ ड्राइव्हनं नाकारलेली सीडी दुसरा पातळ ड्राइव्ह घेईल यावर मी पैसे लावले नसते.

तिसरी वाट माळ्यावर होती. या सीडी ज्या रायटरनं मारल्या तोच तिथे पडलेला. लिहिणारा आणि वाचणारा एकच असला तर कधीकधी कुरकुरणारी सीडीही चालते, हे मी अनेकदा पाहिलंय. नियम म्हणून नाही सांगत, पण बघायला काय हरकत?

चौथी वाट तिसरीला जोडूनच: दुसरा एक वेगळ्या कंपनीचा जुना, आतला ड्राइव्ह मिळवायचा आणि दोघांना एकाच सीडीवर आळीपाळीनं बसवायचं. प्रत्येक ड्राइव्हची लेन्स, लेझर आणि चुका दुरुस्त करायची पद्धत वेगळी. एकाला न दिसलेला सेक्टर, म्हणजे सीडीवरचा माहितीचा छोटा तुकडा, दुसऱ्याला दिसतो.

आम्ही तिसरी आणि चौथी एकत्र धरली. मूळ कॅसेट कुठे आहेत, हा प्रश्न मी विचारला होता. "त्या ज्याच्या त्याला परत दिल्या, काही पुसून पुन्हा वापरल्या," असं उत्तर आलं आणि मी ते तिथेच सोडलं. हा प्रश्न लक्षात ठेवा. अण्णांच्या संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये काही उरलंय का हेही पाहिलं, पण ती २००९ मध्येच फॉरमॅट होऊन तिच्यावर पतसंस्थेचे हिशेब चढले होते.

काय केलं

पोतं सोडलं. कॅबिनेट उघडल्यावर प्रोसेसरशेजारच्या तीन कपॅसिटरांची डोकी फुगून वर आलेली दिसली. त्या काळातल्या बोर्डांचा हा नेहमीचा आजार. संगणक सुरू झाला, तारीख जानेवारी २००२ दाखवली (सेल मेलेला) आणि दहा मिनिटांत गोठला. तासन्‌तास चालणाऱ्या कामाला तो घेण्यात अर्थ नव्हता. मग रायटर सोडवून दुकानात आणला. माझ्याकडे २००८ च्या सुमाराचा कोअर टू ड्युओचा एक बोर्ड आहे, त्यावर ड्राइव्ह जोडायला नव्या पद्धतीचे, म्हणजे साटाचे, चार पोर्ट आणि जुन्या पद्धतीचा एक ४० पिनांचा आयडीई. दोन पिढ्यांच्या मधला असा बोर्ड मी मुद्दाम जपून ठेवलाय. बायकोच्या भाषेत ते भंगार.

रिबन केबल लावली, लाल कडा पॉवरच्या सॉकेटकडे. विजेची चार पिनांची मोलेक्स वायर लावली. चालू केलं, तर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या यादीत, रायटर दिसेचना. पॉवर बदलली, केबल बदलली, अर्धा तास गेला. मग मागच्या जंपरकडे, म्हणजे पिनांवर बसणाऱ्या टोपीकडे, लक्ष गेलं. अण्णांच्या संगणकात तो हार्ड डिस्कच्याच केबलवर दुसऱ्या क्रमांकाला असल्यामुळे जंपर 'स्लेव्ह'वर होता. इथे तो केबलवर एकटा. चिमट्यानं ती डाळीएवढी काळी टोपी उचलून 'मास्टर'च्या पिनांवर बसवली आणि पहिल्या झटक्यात नाव आलं. ज्या पोरांनी साटाच्या आधीचं काही पाहिलं नाही त्यांना ही गोष्ट सांगावी लागते. साटाला प्रत्येक ड्राइव्हची केबल स्वतंत्र, मालक-नोकराचा प्रश्नच येत नाही.

आता ट्रे उघडेना. बटण दाबलं की आतून 'कुंऽऽ' असा आवाज आणि मग शांतता. वीज बंद करून कागदाची क्लिप सरळ केली आणि पुढच्या बारीक भोकात घातली. दीड-दोन इंच आत गेली की अडते, तिथे थोडा जोर लावायचा. ट्रे बोटभर बाहेर आला आणि त्यात एक सीडी दिसली. बाई त्या वेळी दुकानातच होत्या. वहीत १९ क्रमांकाची सीडी दोनदा लिहिलेली होती, त्यामुळे एखादी हरवलेली बत्तिसावी असेल अशी आम्हा दोघांनाही शंका होती. ट्रे ओढला. निघाली मदरबोर्डच्या ड्रायव्हरची सीडी.

ट्रे न उघडण्याचं कारण जवळजवळ नेहमीचंच. मोटरची पुली आणि ट्रेचं दातेरी चाक यांच्यामध्ये चौकोनी कापाचा एक छोटा रबरी पट्टा असतो. तो वर्षानुवर्षं ताणून बसल्यावर सैल पडतो, गुळगुळीत होतो आणि घसरायला लागतो. चार स्क्रू काढून, समोरची पट्टी सोडवून, ट्रे बाहेर घेतल्यावर पट्टा हाताला लागला. बोटावर ठेवला तर गोल राहायच्या ऐवजी लंबगोल होऊन पडला. उकळत्या पाण्यात टाकला की तो थोडा आकसतो आणि दोन-चार दिवस काम देतो. पण मला दोन-चार दिवसांचा भरवसा नको होता. स्टँडजवळ टेप दुरुस्त करणारे एक मामा अजून दुकान उघडून बसतात. त्यांनी पट्टा चपटा करून पट्टीवर मोजला, एक डबा उपडा केला आणि त्यातून कॅसेट डेकचा एक पट्टा उचलून दिला. "किंचित लहान आहे, पण लहानच बरा. वीस रुपये द्या." बसला.

लेन्सवर धुळीची साय होती. इथे घाई करू नये. ती लेन्स चार केसाएवढ्या तारांवर तरंगत असते, बोटानं दाबली की तारा वाकतात. आधी ब्लोअरनं कोरडी हवा मारली, मग कानाच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिलचा थेंब लावून हलकेच फिरवलं. ॲसिटोन, म्हणजे नेलपॉलिश काढायचं द्रव, याला शिवू द्यायचं नाही. लेन्स बहुधा प्लॅस्टिकची असते आणि कायमची धुरकट होते. लेन्सचा गाडा ज्या दोन दांड्यांवर सरकतो त्यांवरचं ग्रीस मधासारखं घट्ट झालं होतं, ते पुसून नवं लावलं.

या टप्प्यावर शेजारच्या दुकानातल्या मित्रानं सुचवलं, "लेझरचा तो बारीक स्क्रू थोडा फिरव, पॉवर वाढेल, सगळं वाचेल." वाचतं, खरंय. पण मोजमापाशिवाय फिरवला तर लेझर किती दिवस टिकेल हे सांगता येत नाही, आणि तो जळला की संपलं. दुसरा काही उपाय उरला नसता तर कदाचित मी फिरवलाही असता. पहिल्याच दिवशी नाही.

दुसरा ड्राइव्ह मी पुण्याला दुसऱ्या कामासाठी गेलो होतो तेव्हा तापकीर गल्लीतून आणला. साटाचा डीव्हीडी रायटर, वापरलेला, साडेचारशे रुपये. दुकानदारानं समोर डीव्हीडी घालून चालवून दाखवली. मी खूश. घरी येऊन सीडी घातली तर नुसती घरघर. दुसरी घातली, तेच. ही माझी पहिली चूक. डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर लागतो आणि सीडीला ७८० नॅनोमीटरचा अवरक्त. एकाच ड्राइव्हमध्ये दोन्ही असतात, पण त्यांतला एक मेला तरी दुसरा चालतो. सीडीसाठी घ्यायचा ड्राइव्ह मी डीव्हीडीवर तपासला होता. पुढच्या फेरीला बदलून आणला, या वेळी खिशात जुनी सीडी-आर, म्हणजे घरी मारलेली सीडी, घेऊन गेलो. आठवडा त्यात गेला.

वाचन सुरू करताना मी दुसरी चूक केली. उत्साहात सगळ्यात वाईट अवस्थेतली सीडी आधी घेतली. रायटरवर ती पाच तास चालवली. ड्राइव्ह एकेक सेक्टर पुन्हा पुन्हा वाचत राहिला, गरम झाला, आणि संध्याकाळी चांगली सीडीही ओळखेना. मला वाटलं, लेझर गेला. रात्रभर बंद ठेवल्यावर सकाळी चालू झाला. तेव्हापासून क्रम बदलला: सोप्या सीडी आधी, अवघड शेवटी, आणि दर तासाला पंधरा मिनिटं विश्रांती.

चौदांपैकी चार सीडींना तर काही झालंच नव्हतं. पातळ ड्राइव्हमध्ये त्यांवर थोड्याच फाइली दिसत होत्या, एकीवर जेमतेम १४ एमबी. पण सीडी उजेडात तिरकी धरली तर लिहिलेल्या भागाची छटा कोऱ्या भागापेक्षा वेगळी दिसते, आणि या सीडीवर ती छटा आतल्या कड्यापासून अर्ध्याहून पुढे पोचलेली होती. चौदा एमबीला एवढा पट्टा लागत नाही. उलगडा वहीत होता: "सीडी २३ – पुढचं नंतर टाकलं." अण्णांनी एकाच सीडीवर वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या सत्रांत लिहिलं होतं आणि नवं सत्र टाकताना आधीचं जोडून घ्यायचं राहून गेलं. विंडोज शेवटचं सत्र दाखवतं. आधीच्या फाइली जागेवरच असतात, फक्त अनुक्रमणिकेतून गायब. आयसोबस्टर या सॉफ्टवेअरनं सगळी सत्रं वेगवेगळी उघडली. चारही पूर्ण मिळाल्या. या चार सीडी 'खराब' म्हणून टाकल्या गेल्या असत्या तर, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

आणखी चार सीडी खरोखर जागोजागी वाचत नव्हत्या. आधी त्या कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाच्या थेंबानं धुतल्या, लेबलाकडची बाजू कोरडी ठेवून. पुसताना कापड मध्यापासून कडेकडे सरळ न्यायचं, गोल नाही. कारण माहितीची रेघ गोल फिरते. सीडीची चूक-दुरुस्ती सलग सुमारे अडीच मिलिमीटरचं नुकसान भरून काढते, त्यामुळे रेघेला आडवा गेलेला ओरखडा खपतो. रेघेच्या दिशेनं गेलेला खपत नाही.

मग लिनक्सवर डीडीरेस्क्यू. हा प्रोग्राम साधी कॉपी करत नाही. आधी जे सहज मिळतं ते उचलतो, अडलेली जागा सोडून पुढे जातो, आणि कुठला सेक्टर मिळाला, कुठला नाही याचा नकाशा फाइलीत ठेवतो. नंतर तोच नकाशा दुसऱ्या ड्राइव्हला दिला की तो फक्त राहिलेल्या जागा वाचतो. सीडी ११ चं उदाहरण देतो. पातळ ड्राइव्हनं ४,३१२ सेक्टर सोडले होते. सेक्टर २,०४८ बाइटचा, आणि मुलाखती सेकंदाला १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीमध्ये, म्हणजे साधारण आठ सेक्टरांना एक सेकंद. नऊ मिनिटांचं बोलणं गायब. अण्णांच्या रायटरवर, वेग चार एक्सवर उतरवून, ६१० उरले. तापकीर गल्लीतल्या ड्राइव्हनं त्यातले बरेच भरले, पुन्हा रायटर, पुन्हा तो. चौथ्या फेरीनंतर ९६ उरले आणि तिथून हलले नाहीत. बारा सेकंद.

तीन सीडी वाचनालयातल्या सीडी प्लेअरवर ऐकण्यासाठी ऑडिओ म्हणून मारलेल्या होत्या. त्यांना डीडीरेस्क्यू चालत नाही. डेटाच्या सेक्टरमध्ये चूक-दुरुस्तीची एक जादा फळी असते, ऑडिओच्या सेक्टरमध्ये ती जागाही आवाजालाच दिलेली असते. म्हणून त्यांना सीडी पॅरानोया हे सॉफ्टवेअर लावलं, जे तोच तुकडा एकमेकांवर चढवून अनेकदा वाचतं आणि जुळवून घेतं. एका सीडीला सात तास लागले.

उरल्या दोन सोललेल्या आणि एक, जिच्या मधल्या भोकापासून केसासारखी चीर निघाली होती. चिरलेल्या सीडीवर बराच खल झाला. ५२ एक्सचा ड्राइव्ह मिनिटाला दहा हजाराच्या आसपास फेरे मारतो, आणि सीडी घातल्या घातल्या आधी स्वतःच्या मर्जीनं वेग घेतो. 'हळू चाल' ही आज्ञा त्याच्यापर्यंत नंतर पोचते. त्या वेगाला चीर पसरली तर सीडीचे तुकडे होतात आणि लेन्सही जाते. वही पाहिली: त्या सीडीवर फक्त समारंभाचे फोटो होते आणि त्यांचे छापील फोटो वाचनालयाच्या अल्बममध्ये आहेत. बाई म्हणाल्या, "राहू दे दादा, ड्राइव्ह जायला नको." ती घातलीच नाही.

निष्पत्ती

३१ पैकी २६ पूर्ण. त्यात पहिल्या १७, सत्रांच्या चार, ऑडिओच्या दोन आणि डीडीरेस्क्यूच्या तीन. सीडी ११ मध्ये बारा सेकंदांचा खंड, आणि तिसऱ्या ऑडिओ सीडीवर दोन ठिकाणी टिकटिक. चिरलेली एक तशीच पाकिटात.

सोललेल्या दोघींचं नशीब एकसारखं नव्हतं. सीडी आतून बाहेर लिहिली जाते. एकीचा धातू बाहेरच्या कडेला निघाला होता, म्हणून आतला भाग वाचला आणि मुलाखतीची पहिली ३१ मिनिटं मिळाली. दुसरीचा मध्याशी निघाला होता, जिथे सीडीची अनुक्रमणिका असते. ड्राइव्हला ती सीडी आहे हेच कळत नाही. बाहेरचा सगळा भाग शाबूत असून हाती शून्य.

खर्च पट्ट्याचे वीस, ड्राइव्हचे साडेचारशे, आणि माझे सव्वादोन आठवडे संध्याकाळचे. स्मरणिकेच्या फाइलींचं वेगळंच रामायण आहे. त्या उघडल्या, पण मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये, म्हणून युनिकोडच्या जगात नुसती गिचमीड. तो रूपांतरित करायचं काम गावातल्या दुसऱ्या एका मुलीकडे दिलंय.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला फोन आला तेव्हाच मी "लेबलांना हात लावू नका" एवढे चार शब्द जास्त बोलायला हवे होते. 'पुन्हा घालून बघू नका' म्हणालो आणि त्यांनी ते पाळलंही. पण रिकाम्या हातांना काहीतरी करावंसं वाटतंच. सोलणं त्याच संध्याकाळचं.

बाईंनी सुरुवातीच्या १७ सीडी नुसत्या ओढून कॉपी केल्या, तेव्हा त्यांची पूर्ण प्रतिमा, म्हणजे अख्ख्या सीडीची जशीच्या तशी प्रत, काढून ठेवली असती तर बरं झालं असतं. त्यांतल्या एखादीवरही दडलेलं आधीचं सत्र असू शकतं हे मला सीडी २३ नंतर सुचलं. परत तपासल्या, दोन सीडींवर जास्तीच्या फाइली निघाल्या. त्या महत्त्वाच्या नव्हत्या, पण ते नशीब.

दुरुस्त केलेल्या रायटरवर मी सगळ्यात अवघड सीडी पहिल्यांदा घ्यायला नको होती. पहिल्या दिवशी त्याला पाच तास तापवलं तेव्हा तो कायमचा गेला असता, तर सीडी ११ ची नऊ मिनिटं गेलीच होती. उलट बाजूनं, लेझरचा स्क्रू न फिरवण्याचा निर्णय आज पुन्हा घ्यायचा झाला तरी तोच घेईन.

आणि कॅसेटचा तो प्रश्न. 'परत दिल्या' हे उत्तर ऐकून मी थांबलो, कारण माझं डोकं यंत्रात होतं. सगळं संपल्यावर, सभागृहात पहिल्यांदा मुलाखती ऐकवल्या त्या दिवशी, जिची सीडी पूर्ण गेली त्या आजीची नात मिरजेहून आली होती. "आमच्याकडे आजीची कॅसेट आहे की," ती सहज म्हणाली. पुढच्या रविवारी ती घेऊन आली. टेपवाल्या मामांनी डेक साफ करून वाजवून पाहिली. पहिली बाजू पूर्ण आहे, आवाज थोडा दबलेला. दुसऱ्या बाजूवर चार मिनिटं आजी बोलते, आणि मग मध्येच टाळ वाजतात आणि कुणीतरी गणपतीची आरती सुरू करतं.